चौथ्या कोपऱ्यातला कप

नकाशेकाकांनी मला वेळेत सांगितलं होतं, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको, की संबंधितांना पूर्वसूचना मिळाली नव्हती.

काका आमचे शेजारी. नगररचना विभागात चौतीस वर्षं आरेखक होते, म्हणजे गावाचे नकाशे हाताने काढायचे. निवृत्त झाले तरी नाव नकाशेकाकाच राहिलं. त्यांचं घर बैठं, दोन खोल्यांचं, पिवळ्या भिंतींचं. पुढे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि अंगणाच्या पलीकडे आमचं घर. त्या सकाळी मी भिंगरीला कडेवर घेऊन एका हाताने कपडे वाळत घालत होते. भिंगरी म्हणजे माझी दीड वर्षाची मुलगी. जमिनीवर ठेवली की गोल गोल फिरत सुटते, म्हणून हे नाव आणि म्हणून ती कडेवर.

काका कुंपणापाशी आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "सूनबाई, शुक्रवारच्या आत कचेरीत जाऊन गावाचा नकाशा बघून ये. सोमवारी तो खासगी कंपनीच्या ताब्यात जातोय."

"त्यात काय बघायचं, काका?"

"आपली गल्ली बघ. आपली गल्ली चहाच्या कोपऱ्यात येते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोठा नकाशा वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला असतो. तो टेबलावर उलगडला की हट्टी पोरासारखा पुन्हा गुंडाळी होऊन बसतो. म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवायची, अशी विभागाची पद्धत होती. पहिल्या कोपऱ्यावर शिक्क्यांची पेटी, दुसऱ्यावर पंचिंग मशीन, तिसऱ्यावर साहेबांनी कधीही न उघडलेली नियमांची पुस्तिका आणि चौथ्यावर काकांचा चहाचा कप. बाकीची वजनं बदलत गेली, कप बदलला नाही.

"डाग पडलाय गं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "आम्हा लोकांना ठाऊक होतं की तो डाग आहे. कंपनीला कोण सांगणार?"

मी हसले. "काका, आता सगळं ऑनलाइन होणार आहे. घरबसल्या बघेन की."

आपल्याबद्दल खरं तेच लिहावं. मी पदवीधर आहे. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघते, गॅसचं बटण तीनदा तपासते, आणि दाराला कुलूप लावून गल्लीच्या टोकाशी पोचले की ओढून बघायला परत मागे येते. अशी मी, नेमकी या एकाच गोष्टीला हसले.

सोमवारी नकाशा गेला. नगरपालिकेने पत्रक काढलं. नकाशा नगरपालिकेच्याच मालकीचा राहील, फक्त तो ठेवण्याचं, दाखवण्याचं आणि त्यात काय आहे हे सांगण्याचं काम कंपनी करील. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं शहर आता आपल्या बोटांवर'. महिन्याभरात कंपनीची साइट सुरू झाली. तिचं नाव होतं 'खुली खिडकी'. आत शिरायला नोंदणी करावी लागत होती. 'आपण कोण?' या प्रश्नाखाली चार पर्याय होते: विकासक, गुंतवणूकदार, सल्लागार, इतर हौशी. रहिवासी हा पर्याय नव्हता. मी इतर हौशी झाले.

आमची गल्ली सापडली. गल्लीत आमचं घर सापडलं. आणि आमच्या घरावरून एक जाड, तपकिरी, सुबक वर्तुळ गेलेलं सापडलं. त्यावर बोट ठेवलं तर चौकट उघडली: 'प्रस्तावित वाहतूक बेट. व्यास पन्नास मीटर. रस्त्याची रुंदी आठ मीटर. हरकतींसाठी मुदत एकवीस दिवस.' वर्तुळाच्या पट्ट्याखाली आमचं स्वयंपाकघर होतं, पुढची खोली होती आणि भिंगरी झोपते तो कोपरा होता. वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध काकांचं घर होतं.

मी तशीच मुलीला उचलून काकांकडे पळाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाशी धरला.

"सेंटिमीटरला दहा मीटर," ते पुटपुटले. "पाच सेंटिमीटरचं बूड. माझाच कप." मग वर्तुळाच्या बाहेर एक ठिपका होता, त्यावर त्यांनी नख टेकवलं. "आणि हे गं काय?"

"प्रस्तावित मुतारी."

"अरे देवा. हा थेंब साहेबांच्या बदलीची ऑर्डर आली त्या दिवशीचा. हात थरथरला होता."

"वाईट वाटलं म्हणून?"

"छे! आनंदाने."

दुसऱ्या दिवशी मी कचेरी गाठली. खिडकी क्रमांक तीनमागे एक बाई बसल्या होत्या. टेबल रिकामं, कपाटं रिकामी, आणि कोपऱ्यात ते सुप्रसिद्ध नकाशाचं लांबलचक टेबल, पुसून लख्ख केलेलं.

"मला नकाशा बघायचाय."

"ऑनलाइन बघा."

"बघितला. तो चुकलाय. मूळ कागद बघायचाय."

"मूळ कागद कंपनीकडे."

"मग तुमच्याकडे काय आहे?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "टेबल आहे."

"अहो, पण तुम्हाला कामाला नकाशा लागला तर?"

"तर आम्हीही तुमच्यासारखंच साइटवर बघतो, पाहुणे म्हणून. खात्याला दिवसाला पाच वेळा बघायची मुभा आहे. आजच्या पाचांतल्या तीन साहेबांनी सकाळीच स्वतःच्या बंगल्यावर घालवल्या, दोन त्यांच्या मेहुण्याच्या." मग त्या खिडकीतून पुढे झुकल्या. "तुम्ही काय, हौशी का? हौशींना मर्यादा नाही म्हणतात. जरा तुमच्या फोनवर तो नाल्यावरचा पूल आहे का बघता? दुपारी त्यावर मीटिंग आहे हो."

मी बघितलं. पूल होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रजिस्टर ओढून लिहिलं, 'पुलाची प्रत्यक्ष पाहणी केली,' आणि मला कंपनीचा पत्ता दिला.

कंपनीच्या कचेरीत सगळं काचेचं होतं, त्यामुळे कुणीच कुठे लपलेलं नव्हतं आणि तरीही कुणीच भेटत नव्हतं. दीड तासाने 'अनुभव अधिकारी' असा बिल्ला लावलेली, साधारण माझ्याच वयाची मुलगी आली. फार गोड बोलायची. मी कपाची सगळी हकिकत सांगितली. तिने मान हलवत ऐकली.

"मॅम, डेटा चुकत नाही. वास्तव कधीकधी मागे पडतं."

"मूळ कागद काढा, आत्ता कळेल तो डाग आहे ते."

"कागद आम्ही वाया घालवत नाही, मॅम. सगळ्या मूळ नकाशांच्या टिपणवह्या केल्यात. भेट देणाऱ्या प्रत्येकाला एक. ही तुमची."

मी तिथल्या तिथे वही उलटीपालटी केली. पानांच्या पाठीवर अर्धी शाळा, पाऊण नाला आणि कुणाची तरी विहीर आली. गल्ली काही आली नाही. पुढे आठवडाभर मी ओळखीच्या माणसांना एकेक करून कंपनीत भेट द्यायला पाठवलं. सतरा वह्या जमल्या. चौथा कोपरा कुणाच्याच नशिबी नव्हता.

"हरकत घ्यायला पुरावा लागेल," ती मुलगी म्हणाली होती. पुरावा एकच होता, आणि तो काकांच्या फडताळात होता.

सुनावणीला आम्ही कप घेऊन गेलो. भिंगरीच्या दुपट्यात गुंडाळून, मांडीवर धरून. तेवढ्या जपणुकीने मी भिंगरीलाही कधी नेलं नसेल. ती घरी सासूबाईंपाशी होती. समोर कंपनीचे तिघे होते, आणि नगरपालिकेचे एक निरीक्षक, ज्यांना फक्त निरीक्षणाची परवानगी होती. मी सांगितल्याप्रमाणे कंपनीच्या लोकांनी वर्तुळ मूळ मापात छापून टेबलावर पसरलं. काकांनी कप उचलला आणि अलगद त्यावर ठेवला.

केसाचाही फरक पडला नाही. बूड असं बसलं, जसं डब्याला त्याचंच झाकण बसावं.

मी सगळ्यांकडे असं बघितलं की जणू कपही मीच घडवला होता. मग मधले साहेब टाळ्या वाजवू लागले. "वा! शून्य त्रुटी! मॅडम, आमचा नकाशा बिनचूक आहे हे इतक्या सोप्या रीतीने आजवर कुणी सिद्ध केलं नव्हतं."

"अहो, पण तो चहाचा डाग आहे!"

"माध्यम कोणतंही असू शकतं." ते काकांकडे वळले. "आपण विभागाचे अधिकृत आरेखक होतात?"

"होतो."

"हा कप मूळ नकाशावर आपण स्वतः ठेवलात?"

"स्वतः. रोज."

"कार्यालयीन वेळेत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी नाही-नाही म्हणत होते. पण चौतीस वर्षं ज्याने एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नाही, तो माणूस काय बोलणार? "अकराच्या ठोक्याला. ड्यूटीवर."

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. "अधिकृत आरेखकाने कार्यालयीन वेळेत मूळ नकाशावर उमटवलेली आकृती. म्हणजेच प्रस्ताव. चौतीस वर्षं रोज दुजोरा मिळालेला. इतका पक्का प्रस्ताव आमच्याकडे दुसरा नाही."

जिना उतरताना काका म्हणाले, "चहा बाहेर टपरीवर प्यायचो असं सांगायला हवं होतं ना गं?"

"हो."

"पण टेबल सोडून कधी गेलोच नाही गं मी." आणि कप शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

तरी मी आशा सोडली नव्हती, कारण मुदत संपायला अजून दिवस होते आणि मी नकाशावर सक्त नजर ठेवून होते. भिंगरीला भरवताना एका हाताने बघायचे. ती झोपली की बघायचे. ती उठली की, आपण बघत नव्हतो तेवढ्यात काही बदललं तर नाही ना, म्हणून बघायचे. सगळ्या नातेवाइकांना कळवलं, 'आमचं घर बघा, काय करून ठेवलंय ते.' नणंदांनी बघितलं, मावशांनी बघितलं, कॉलेजच्या अख्ख्या ग्रुपने बघितलं. माझ्या आईने तर चाळीस वेळा बघितलं, कारण तिला ते सापडतच नव्हतं.

बाविसाव्या दिवशी साइटवर यादी झळकली. 'नागरिकांनी सर्वाधिक रस घेतलेला प्रकल्प: प्रस्तावित वाहतूक बेट, व्यास पन्नास मीटर. दृष्टिक्षेप तीन हजार दोनशे चौदा. हरकती एक. उदंड लोकाग्रहास्तव काम तातडीने हाती घेण्यात येत आहे.'

नवऱ्याने आकडा दोनदा वाचला. "अगं, यातले तुझे किती?"

"मी काळजीने बघत होते!"

मी साइटवर तसं लिहूनही विचारलं. यंत्राने तत्परतेने उत्तर दिलं: 'काळजीसाठी स्वतंत्र रकाना नाही. आपल्या सहभागाबद्दल आभार.'

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आधीपासून सांगतेय, सारखं सारखं बघू नये. दृष्ट लागते."

आम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाचव्या मजल्यावर पर्यायी घर मिळालं. त्यासाठी एका कागदावर सही करावी लागली: 'सदर जागेशी आमचा कोणताही संबंध उरलेला नाही.' नवऱ्याने केली. मी तीनदा वाचून केली. त्याने फरक काहीच पडला नाही.

काकांना मात्र घर सोडावं लागलं नाही. आदेशात स्पष्ट म्हटलं होतं, 'वर्तुळाच्या आतील भागास चहा लागलेला नाही, सबब तेथे स्थिती कायम.' काका खूश झाले. "बघ, कपाचं बूड आतून खोलगट होतं म्हणून मधलं वाचलं. सपाट असतं तर मीही गेलो असतो." निघताना मी रडले, तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "वेडी कुठली! रोज सकाळी आठला मी कप खिडकीत ठेवीन. कप दिसला की समजायचं, म्हातारा ठणठणीत आहे."

रस्ता झाला. त्या वर्तुळाला येऊन मिळणारी वाट एकच, आमची जुनी गल्ली. म्हणजे गाडीने यायचं, गोल फिरायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. हे बघायला कोण मरायला येईल, असं मला वाटलं होतं. पण फोनमधले रस्ते दाखवणारे सगळे नकाशे माहिती घेतात 'खुली खिडकी'कडून, आणि तिथे आठ मीटर रुंदीचा मोठा चौक दिसतो म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या शहराची वाहनं तिकडे वळवली. आता तिथे सकाळपासून रांग असते. माणसं गोल फिरतात, घड्याळ बघतात, शिव्या देतात आणि परत जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, कारण फोन सांगतो.

वर्तुळ ओलांडायला पादचारी पट्टे नाहीत. का नाहीत? वाहतूक बेटावर कुणी राहत नसतं. कशावरून कुणी राहत नाही? पट्टे नाहीत त्यावरून. काकांचं घर कागदोपत्री 'शोभेची वास्तू, जुनी शैली' झालं. उद्यान खात्याच्या माळ्याने लिंबाचं झाड चेंडूसारखं गोल कापलं. कडेला पाटी लागली: 'बेटावर प्रवेश निषिद्ध.' काका एकदा पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले, तर पहारेकरी म्हणाला, "आजोबा, जायचं तर खुशाल जा. पण परत आत येता येणार नाही, पाटी आहे." काका पिशवीची घडी घालून घरात गेले. दूधवाला चालत्या गाडीवरून पिशवी फेकतो. त्याच फेऱ्यात कधी पाव, कधी भाजीही फेकतो. टोमॅटो आणत नाही.

सुदैवाने कंपनीने बेटावर एक कॅमेरा बसवला आणि साइटवर 'थेट दृश्य' सुरू केलं. रोज सकाळी आठला भिंगरीला मांडीवर घेऊन मी ते उघडायचे. खिडकीत कप. भिंगरी बोट दाखवून म्हणायची, "काका!" मी लगेच बंद करायचे. दिवसातून एकदाच. मी सुधारले होते.

मग सूचना आली: 'थेट दृश्यास मिळणारा प्रतिसाद पाहता, शंभर दृष्टिक्षेप पूर्ण होताच वर्तुळ आतल्या बाजूने रुंद करण्यात येईल.' त्या दिवसापर्यंतचा एकूण आकडा अठ्ठ्याण्णव होता.

अठ्ठ्याण्णव दिवस झाले होते आणि आकडाही अठ्ठ्याण्णवच. म्हणजे त्या घराला रोज हजारो माणसं प्रदक्षिणा घालत होती, आणि त्याच्याकडे बघत होते ती फक्त मी.

मंगळवारी मी नव्याण्णवावा दृष्टिक्षेप टाकला. खिडकी दिसली. लिंबाचा चेंडू दिसला. अंगणात न उचललेली दुधाची पिशवी दिसली. कप नव्हता.

कदाचित कप विसळायला घेतला असेल. कदाचित आठला दोन मिनिटं कमी असतील. पुन्हा बघावं म्हणून मी बोट उचललं आणि ते तसंच धरून बसले. माझ्या या एका बोटाने त्या माणसाचं घर जाणार होतं.

काकांच्या फोनची तार रस्ता खणताना तुटली ती तुटलीच. रुग्णवाहिकेला फोन केला. "पत्ता?" सांगितला. "बाई, तिथे वस्ती शून्य दाखवतंय. बेटावर पेशंट कसा असेल?" खिडकी क्रमांक तीनला फोन केला. बाई बिचाऱ्या चांगल्या. म्हणाल्या, "मी आत्ता बघितलं असतं हो, पण आजच्या पाच संपल्या." बरंच झालं, संपल्या होत्या ते. बुधवारी मी स्वतः गेले, भिंगरी कडेवर. पहारेकऱ्याकडच्या यादीत माझा फोटो आणि माझी सही होती. "मॅडम, तुमचा या जागेशी संबंध उरलेला नाही." मी कडेला उभी राहून जीव खाऊन ओरडले, "काका! नकाशेकाका!" भिंगरीही ओरडली. गाड्यांना वाटलं आम्ही वाट मागतोय, त्यांनी भोंगे वाजवले. खिडकीचा पडदा हलला. पण तिथे गाड्यांच्या वाऱ्याने तो सदाच हलतो.

आज गुरुवार आहे. नवरा कंपनीला विनंतीअर्ज लिहितोय. म्हणून मी हे लिहितेय.

तुम्ही त्या सर्कलवरून गेला आहात. नाही म्हणू नका. एकाच रस्त्याचं सर्कल, जिथून फिरून तुम्ही आलात तिथेच पोचलात आणि फोनला शिव्या घातल्यात. मधोमध पिवळ्या भिंतींचं बैठं घर आहे आणि गोल कापलेलं लिंबाचं झाड. तुम्हाला तिथे पहारेकरी अडवणार नाही, कारण तुम्ही वाहनचालक, म्हणजे वापरकर्ते आहात. गाडी बिघडली असं सांगा, कडेला घ्या आणि उतरा. भोंगे वाजतील, वाजू द्या. दार जोरात वाजवा, काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणावं, भिंगरीच्या आईने पाठवलंय. कप खिडकीत ठेवायचा राहून गेला असेल, तर तेवढा ठेवून या.

फक्त एक करा. निघण्याआधी, हे घर नेमकं येतं तरी कुठे म्हणून साइटवर बघू नका. आत्ता हात खिशाकडे गेलाय ना, तो तिथेच राहू द्या.